कंप्युटरार आसा, दुकानांत ना : फोंड्यातल्या एका दुकानाच्या साठ्याचं प्रकरण

२४ ऑगस्ट २०२५, चतुर्थीच्या आधीचा रविवार. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या त्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. नेवऱ्यांसाठी (करंज्यांसाठी) रवा, गूळ, कापूर, माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधायला सुतळी, सगळ्यांना सगळं एकाच वेळी हवं होतं. एका आजींना एक लिटर तुपाचा डबा हवा होता. कपाटात डबा नव्हता. काउंटरवरच्या मुलीनं पडद्यावर पाहिलं, तर साठा ३६. गोदामातल्या मुलाला हाक गेली. दहा मिनिटांनी तो धुळीनं माखून बाहेर आला आणि म्हणाला, "पात्रांव, कंप्युटरार आसा, दुकानांत ना." म्हणजे, मालक, कंप्युटरवर आहे, दुकानात नाही.

आजी अर्ध्या लिटरचे दोन डबे घेऊन गेल्या. मुलीनं ते स्कॅन केले, तेव्हा अर्ध्या लिटरचा साठा पडद्यावर वजा २६ झाला. नसलेला माल विकला जात होता आणि असलेला सापडत नव्हता.

मी या दुकानाचे हिशेब पाहते. त्या दिवशी मी हिशेबासाठी नव्हे, घरच्या बाजारासाठी गेले होते. पण वजा २६ दिसल्यावर पिशवी बाजूला ठेवून मी आत शिरले. पुढचे पाच महिने जे केलं, जे फसलं आणि जे अजून अर्धवट आहे, ते इथे मांडते. दुकानाचं, वितरकांचं, माणसांचं नाव मुद्दामच देत नाही. फोंडा लहान आहे.

तुपाचं गणित

दुकान घरगुती आहे. तीन पिढ्यांचं, दोन काउंटरांचं, सुमारे चार हजार वस्तूंचं. मालक सत्तरीकडे झुकलेले, खरेदी तेच करतात. कंप्युटर सून बघते, तिला सगळे वहिनी म्हणतात. गोदामात एक वयस्क काका आणि सत्तरीतून आलेला एक मुलगा. (ही सत्तरी तालुक्याची, मालकांच्या वयाची नव्हे.)

त्या रविवारी रात्री दुकान बंद झाल्यावर आम्ही तूप मोजलं. एक लिटरचे डबे शून्य. अर्ध्या लिटरचे दहा. आता पडद्यावरचे आकडे बघा : ३६ आणि वजा २६. दोन्हींची बेरीज दहा. म्हणजे एकही डबा चोरीला गेला नव्हता, हरवला नव्हता. फक्त अर्ध्या लिटरचे ३६ डबे आले त्या दिवशी ते एक लिटरच्या नावावर चढले होते.

का चढले, ते बिल काढल्यावर कळलं. वितरकाच्या बिलावर मालाचं नाव वीसेक अक्षरांत कापून छापलेलं असतं. आधी कंपनी, मग प्रकार, मग डबा की पिशवी, आणि शेवटी वजन. कात्री चालते ती शेवटावर, म्हणजे नेमकं वजनच गायब. संध्याकाळच्या घाईत वहिनींनी यादीतलं पहिलं नाव निवडलं. पहिलं होतं एक लिटरचं.

चूक इथेच थांबली असती तर एवढं बिघडलं नसतं. पण दुकानाच्या प्रणालीत एक लिटरचा साठा बाराच्या खाली गेला की मागणीच्या यादीत नाव येतं, अशी सोय होती. पडद्यावर ३६ असल्यानं नाव आलंच नाही. कपाट रिकामं, म्हणून विक्री नाही. विक्री नाही, म्हणून आकडा हलत नाही. आकडा हलत नाही, म्हणून मागणी जात नाही. ऐन चतुर्थीत तुपाचा डबा नसण्याचं कारण हे एवढंच. कोणी मोजायला गेलं नसतं तर दिवाळीलाही तो आला नसता.

हे फक्त आपल्याकडच्या छोट्या दुकानांत होतं असा समज असेल तर तो सोडावा. निकोल डिहोरेशियस आणि अनंत रामन यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या साखळीच्या ३७ दुकानांतल्या जवळपास ३ लाख ७० हजार नोंदी तपासल्या होत्या. त्यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ६५ टक्के नोंदी प्रत्यक्ष साठ्याशी जुळत नव्हत्या. मालकांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा जरा उजळला. मग म्हणाले, "त्यांच्याकडे चोर जास्त असणार."

चोराचा शोध

मालकांच्या मते सगळ्याचं कारण एकच होतं, चोरी. दोन वर्षांपूर्वी त्यांनी कॅमेरे लावले. तरी फरक राहिला. मग संध्याकाळी घरी जाताना गोदामातल्या मुलाची पिशवी तपासायला सुरुवात झाली. काकांची नाही, मुलींची नाही, फक्त त्याची. कारण तो नवा होता आणि 'आपल्या ओळखीतला' नव्हता.

यात माझाही हात होता, हे लपवून उपयोग नाही. दर ३१ मार्चला रात्रभर जागून दुकानाची फिजिकल व्हायची, म्हणजे सगळा माल मोजायचा. सकाळी दोन आकडे माझ्याकडे यायचे, पुस्तकातला आणि मोजलेला. मधला फरक मी 'साठा तफावत' म्हणून एका ओळीत टाकायचे आणि पुस्तक बंद करायचे. त्या एका ओळीत तूप, शाम्पू, कुजलेले नारळ, उंदरांनी कुरतडलेला रवा आणि खरी चोरी सगळं एकत्र शिजायचं. कारण पुसलं जायचं, आकडा तेवढा दुरुस्त व्हायचा. १ एप्रिलला दुकान शुद्ध आणि २ एप्रिलपासून पुन्हा तेच.

शिवाय या ओळीची किंमत कराच्या बाजूनंही असते. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, नष्ट झालेल्या किंवा पुस्तकातून काढून टाकलेल्या मालावर घेतलेला इनपुट कर (खरेदीवर भरलेल्या कराची मिळालेली वजावट) परत करावा लागतो. म्हणजे जो माल चुकीच्या नावावर चढल्यानं 'कमी' दिसतो, तो आपण नुकसान म्हणून काढला, तर घरात असलेल्या मालाचा करही पदरचा भरतो. तुपाचे ३६ डबे मार्चपर्यंत तसेच राहिले असते आणि एक लिटरची तूट तेवढी कोणी उचलून धरली असती, तर हेच झालं असतं.

दारात उभं राहून पाहिलं तेव्हा

चतुर्थी उरकल्यावर, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, वहिनी, काका आणि मी मिळून निवडक शंभरेक वस्तू मोजल्या. सगळं दुकान नाही. रोज खपणाऱ्या थोड्या, महागड्या थोड्या, सुट्या मालातल्या थोड्या, आणि वजा दाखवणाऱ्या सगळ्या. निम्म्याहून अधिक जुळल्या नाहीत. पण या वेळी आम्ही आकडा दुरुस्त करायची घाई केली नाही. प्रत्येक वस्तूमागे 'का' शोधायचं ठरवलं. कंटाळवाणं काम होतं. एकेका शाम्पूमागे तीन महिन्यांची बिलं उलटायची.

शाम्पूपासूनच सांगते. एक रुपयाच्या पुड्यांची लडी येते, एका लडीत १६ पुड्या. बिलावर आकडा ५, एकक लडी. आमच्याकडे चढलं ५ नग. दुकानात आल्या ८०, नोंद पाचची. आठवड्यात पडद्यावर वजा दिसू लागलं. तेव्हा कुणीतरी वैतागून १०० टाकून दिले. त्या शंभराला कसलाच आधार नव्हता, पण त्यानं वजा गेलं. बिस्किटांची पेटी, साबणाचं आउटर (बरेच नग असलेलं बाहेरचं पाकीट), अगरबत्तीचं डझन, सगळीकडे हीच कथा. विकणारा पेटीत बोलतो, विकत घेणारा नगात बोलतो आणि मधे दुभाषी नाही.

दुसरं, स्कीमचा माल. बारावर एक मोफत. बिलावर तेरावा नग शून्य रुपयांनी वेगळ्या ओळीत येतो, कधी येतच नाही, सेल्समन हातानं चिठ्ठीवर लिहितो. नोंद बाराची होते. हा माल 'वर' असतो म्हणून कोणाची तक्रार नसते, आणि इथेच खरा घोळ आहे. आले १३, नोंद १२. एक नग कोणी खिशात घातला तरी मोजणी तंतोतंत जुळते. फुकटचा माल चोरीवर पांघरूण घालतो. मालक ज्या कपाटांकडे बोट दाखवत 'इथे सगळं बरोबर असतं' म्हणायचे, तिथेच स्कीम सर्वांत जास्त होत्या. मला हे कळलं तेव्हा थोडं हसू आलं आणि थोडी लाजही वाटली.

तिसरी चूक काउंटरवरची. गिऱ्हाईक सहा रसाचे डबे घेतं, दोन आंबा, दोन पेरू, दोन लिची. मुलगी एक स्कॅन करते आणि सहा टाइप करते. भाव एकच, म्हणून गिऱ्हाइकाचं नुकसान नाही. रांग मोठी असते, तिला दोष तरी काय द्यायचा? पण आंबा वजा चार होतो आणि पेरू, लिची फुगतात.

चौथं, परतीचा माल. त्याचं पुढे.

हे सगळं लिहून काढल्यावर एक गोष्ट डोळ्यांत भरली. काउंटरवरची रसाची चूक सोडली, तर बहुतेक चुका गिऱ्हाइकाच्या हातून किंवा पुढच्या दारानं झालेल्याच नव्हत्या. मागच्या शटरसमोर टेम्पो उभा असतो, ड्रायव्हरला पुढे कुर्टीला जायचं असतं, सेल्समन सहीसाठी घाई करतो, त्या वीस मिनिटांत त्या शिरल्या होत्या. बारकोडचंही असंच आहे. २६ जून १९७४ ला ओहायोतल्या ट्रॉय गावच्या सुपरमार्केटात च्युइंगमचं पाकीट पहिल्यांदा स्कॅन झालं, ते काउंटरवरचं काम वेगानं आणि बिनचूक व्हावं म्हणून. पन्नास वर्षांनंतर आमच्या पुढच्या दारावर लेसर होता आणि मागच्या दारावर बॉलपेन.

२२ सप्टेंबर

आम्ही जरा मार्गी लागतोय तोच, घटस्थापनेच्या दिवशी, २२ सप्टेंबरला जीएसटीचे नवे दर लागू झाले. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं १८ वरून ५ टक्क्यांवर. तूप, लोणी, फरसाण १२ वरून ५ वर. गिऱ्हाइकाला आनंद, साठ्याच्या नोंदीला ताप.

एका वस्तूचा बारकोड तोच राहतो, छापील किंमत बदलते. कपाटात जुन्या किमतीचा माल, त्याच्या शेजारी नव्या किमतीचा. जुन्या मालावर नव्या किमतीचं लेबल चिकटवायला मुभा होती, पण मूळ छापील किंमत झाकायची नाही. त्यामुळे एकाच साबणावर दोन किमती. प्रणालीत किमतीप्रमाणे वेगळी बॅच ठेवली होती, म्हणून स्कॅन केलं की पडद्यावर खिडकी उघडायची : जुनी की नवी? मुली पहिल्या ओळीवर एंटर मारायच्या. प्रत्येक वेळी. मीही तेच केलं असतं. चार दिवसांत एक बॅच वजा आणि दुसरी फुगलेली. त्यात कोणी तरी नव्या किमतीसाठी नवीन वस्तूच उघडली, हातानं बनवलेल्या कोडची. एका टूथपेस्टची तीन नावं झाली.

इथे मी माझ्या व्यवसायाच्या विरुद्ध सल्ला दिला आणि तो योग्यच होता असं अजून वाटतं. बॅच बंद करा. २२ तारखेनंतर या वस्तू कमी किमतीलाच विकायच्या आहेत, मग साठा किमतीप्रमाणे वेगळा ठेवून मिळणार काय? एक बारकोड, एक साठा, एक विक्रीभाव. मुदत संपणाऱ्या मालाला, म्हणजे दूध, लोणी, ब्रेड, बाळाचं खाद्य यांना बॅच ठेवली. बाकीच्यांची काढली. नोंद जितकी बारीक, तितकी ती सांभाळणारा माणूस हवा. तो नसेल तर बारीक नोंद जाड नोंदीपेक्षा खोटी ठरते.

यंत्राकडून काय मागावं

मालकांच्या मुंबईच्या भाच्यानं फोनवर सांगितलं, आरएफआयडी लावा, म्हणजे रेडिओ लहरींनी दुरूनच वाचता येणारे टॅग. विचार केला. वॉलमार्टनं २००३ मध्ये आपल्या मोठ्या पुरवठादारांना पेट्यांवर असे टॅग लावायला सांगितलं आणि जानेवारी २००५ ची मुदत दिली, तेव्हा जगभर बोलबाला झाला होता. कपड्यांच्या दुकानांत ते आज छान चालतं. पण आमचा माल म्हणजे तेल, पाणी, पत्र्याचे डबे. द्रव आणि धातू दोघेही त्या लहरींना आवडत नाहीत. आणि एक रुपयाच्या शाम्पूवर टॅग लावायचा म्हणजे वासरापेक्षा दावं महाग. विषय संपला.

माझी स्वतःची कल्पनाही अशीच आपटली. मोठ्या वितरकांच्या बिलावर क्यूआर असतो. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) काढावंच लागतं. मला वाटलं, तो क्यूआर स्कॅन केला की सगळं बिल आपोआप उतरेल. उतरलं काय? दोघांचे जीएसटी क्रमांक, बिलाचा क्रमांक, तारीख, एकूण रक्कम, ओळी किती, मुख्य मालाचा एचएसएन (मालाच्या वर्गाचा क्रमांक) आणि बिलाचा नोंदणी क्रमांक. मालाच्या ओळी नाहीतच. तो क्यूआर बिल खरं आहे का हे तपासायला आहे, माल चढवायला नाही. वहिनी म्हणाल्या, "मॅडम, ओळी किती ते तरी कळलं." त्यांनी टोमणा मारला होता, पण पुढे आम्ही ते वापरलंच : क्यूआर सांगतो १७ ओळी आणि आपण चढवल्या १६, तर एक राहिली.

खरं उत्तर आमच्याच प्रणालीत निजलेलं होतं. एककांचं रूपांतर (एक पेटी म्हणजे इतके नग) करायची सोय होती, कधी वापरली नव्हती. बिलाची फाइल आत घ्यायची सोय होती, तीही नव्हती वापरली. विकत आणलं ते दोनच वस्तू : मागच्या दारासाठी एक बिनतारी स्कॅनर आणि रिबनवर चालणारा लेबल प्रिंटर. आधीचा प्रिंटर साध्या उष्णतेच्या कागदाचा होता. त्याची लेबलं गोव्याच्या दमट हवेत दोन महिन्यांत फिकी पडायची आणि स्कॅनर ती वाचायचा नाही. मग मुली क्रमांक हातानं मारायच्या, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

वजा साठ्यावर वाद झाला. प्रणाली विकणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला, वजा बंद करून टाका, साठा नसेल तर बिलच होणार नाही. कागदावर हे सुंदर आहे. पण गिऱ्हाईक हातात तूप घेऊन उभं आहे आणि कंप्युटर म्हणतोय तूप नाही! मुलगी काय करणार? दुसरं काही तरी स्कॅन करून भाव जुळवणार. म्हणजे एका चुकीच्या दोन. आम्ही वजा चालू ठेवलं आणि रोज सकाळी वजा वस्तूंची यादी छापायला लागलो. ती यादी ही दुकानाची तक्रारवही. त्याच्या जोडीला दुसरी यादी, जी मला जास्त लाखमोलाची वाटते : जी वस्तू एरवी रोज खपते, पडद्यावर साठा दाखवते, आणि तीन दिवस एकही विकली गेलेली नाही. चतुर्थीचं तूप या दुसऱ्या यादीत तिसऱ्याच दिवशी सापडलं असतं.

पातळ भाजी, पाव आणि तीन रकाने

यंत्र दारात उभं केलं तरी बिलावरचं कापलेलं नाव ते कसं ओळखणार? त्यासाठी समोरच्याची साथ हवी. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मालकांनी तिघांना सकाळी दुकानात बोलावलं : मडगावचा मोठा वितरक, बेळगावहून फरसाण आणणारा व्यापारी, आणि जवळच्या गावातल्या महिला स्वयंसाहाय्य गटाची अध्यक्ष. पातळ भाजी, पाव, मिरची भजी आणि चहा. मालक या बाबतीत जुन्या वळणाचे आहेत. भांडायचं असलं तरी आधी खाऊ घालतात.

मडगावचा वितरक आला तो चिडूनच. त्याचं म्हणणं, तुम्ही दर महिन्याला माल कमी आला म्हणून चेक अडवता आणि मी माझ्या माणसांना ओरडतो. आणि तो चुकीचा नव्हता. अर्ध्या वेळा माल आलेला असायचा, आमच्याकडे दुसऱ्या नावावर चढलेला असायचा. उरलेल्या अर्ध्या वेळा महिन्याच्या २९-३० तारखेला टार्गेटपायी संध्याकाळी सहाला टेम्पो भरून यायचा, आणि तेव्हा कोणी मोजूच शकत नव्हतं. दोघांनी आपापली अर्धी चूक मान्य केल्यावर बोलणं सोपं झालं.

ठरलं ते असं. टेम्पो सकाळी अकराच्या आत. वितरक प्रत्येक बिलाची फाइल व्हॉट्सॲपवर आधी पाठवणार. काका माल स्कॅन करून मोजणार, पण बिल न बघता. बिलावर २४ लिहिलेलं दिसलं की डोळा २४च मोजतो, हा माझा अनुभव आहे. तफावत निघाली तर फोटोसकट त्याच दिवशी कळवायची, दुसऱ्या दिवशीचं ऐकून घेतलं जाणार नाही. आणि मोजणी जुळली तर सात दिवसांत पैसे. शेवटची अट मालकांच्या घशाखाली उतरायला दोन कप चहा लागला. पण तीच नसती तर वितरकानं बाकीचं का करावं?

या सगळ्याचा पाया म्हणजे तीन रकान्यांचा तक्ता. वितरकाचा मालक्रमांक, पाकिटावरचा बारकोड, आणि एका पेटीत किती नग. वहिनी आणि वितरकाकडचा ऑपरेटर रोज दुपारी अडीच वाजता फोनवर बसायचे, तीन आठवडे. त्यात वितरकाच्याच यादीत एक साबण दोन क्रमांकांनी सापडला. मोठ्या खोक्यांवर चौदा आकडी कोड असतो. त्याचा पहिला आकडा वेष्टनाचा प्रकार दाखवतो आणि पुढचे बारा वस्तूच्या क्रमांकाशी जुळतात. तो स्कॅन केला की आता पडद्यावर थेट नग चढतात. स्कीमच्या मालाला शून्य रुपयांची स्वतंत्र ओळ सक्तीची झाली. चिठ्ठीवरचा मोफत माल शटरच्या आत घ्यायचा नाही.

बेळगावच्या व्यापाऱ्याकडे ना ई-इन्व्हॉइस, ना फाइल. त्याच्याकडे वही आहे आणि चोर्ला घाट आहे. पावसात गाडी रात्री अकराला पोचते तेव्हा मोजायला कोणी नसतं. त्याच्यासाठी उपाय साधा निघाला. एका खोक्यात एकच प्रकार, आणि खोक्यावर जाड पेननं नाव नि नग. शिवाय गोदामात लाल रंगानं आखलेला चौकोन. न मोजलेला माल त्या चौकोनातून बाहेर यायचा नाही, गिऱ्हाईक कितीही ओरडो. पहिल्या पंधरवड्यात हा नियम मालकांनीच दोनदा मोडला.

परतीचा माल

याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथे पैसा बुडतो आणि कोणाला दिसत नाही. मुदत संपलेला, फुटलेला माल सेल्समन घेऊन जातो, एका कच्च्या चिठ्ठीवर. क्रेडिट नोट (परत गेलेल्या मालाची रक्कम वळती केल्याची वितरकाची नोंद) येते दोन महिन्यांनी, कधी चारांनी, कधी नाही. आमच्याकडे पद्धत अशी की क्रेडिट नोट आली की माल वजा करायचा. म्हणजे दोन-चार महिने तो माल पडद्यावर जिवंत, प्रत्यक्षात मडगावला. चिठ्ठी हरवली तर कायमचाच जिवंत.

आता प्रणालीत 'परती' नावाचं एक कागदी गोदाम आहे. खराब नग सापडला की त्याच क्षणी तो विक्रीच्या साठ्यातून या गोदामात जातो. सेल्समननं उचलला की त्याच्या सहीचा फोटो. क्रेडिट नोट आली की तिथून निघतो. त्यामुळे कोणत्या वितरकाकडे किती अडकलंय ते रोज दिसतं. कराची मुदतही डोक्यावर असते : जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच पुरवठादाराला क्रेडिट नोटवर कर कमी करून मिळतो. नोव्हेंबरच्या मध्यात आम्ही आदल्या वर्षाच्या चिठ्ठ्या घेऊन मडगावला गेलो. काही मिळाल्या. काहींवरची सही कोणाची, हेच ठरेना. त्या सोडून दिल्या.

जे बारकोडात बसत नाही

महिला गटाचं लोणचं, सोलां (आमसुलं), पापड. बाटलीवर हातानं लिहिलेलं लेबल. काउंटरवर मुली 'लोणचं' या एकाच नावानं बिल करायच्या. आंबा, मिरची, बिंबल सगळं एकात. दुकानापुरत्या वापरासाठी २ नं सुरू होणारे कोड राखीव असतात, त्यासाठी कुठे नोंदणी लागत नाही. वहिनींनी प्रत्येक प्रकाराचा कोड बनवला, लेबलांची रिळं छापून गटाला दिली. बायका घरीच चिकटवून आणतात. पहिल्या खेपेला मिरचीच्या बाटल्यांवर आंब्याची लेबलं आली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "अगो, चष्मा घरी राहिला होता." दुसऱ्या खेपेपासून लेबलांना रंग दिले. गटाचा फायदा असा की कोणता प्रकार कधी संपतो हे त्यांना आता आठवड्याला कळतं. बिंबलाचं लोणचं आपण उगाच कमी घालत होतो, हे त्यांना तेव्हाच समजलं.

उकडे तांदूळ ५० किलोच्या पोत्यातून पाच-पाच किलोच्या पिशव्या होतात. पोत्यातून नेहमी दहा पिशव्या निघत नाहीत. सांडतं, तुकडा निघतो, वजनकाटा एखादी मूठ जास्त देतो. आधी पोतं उघडलं की दहाच चढायच्या. आता भरून झाल्यावर जितक्या झाल्या तितक्या चढतात, उरलेलं 'घट' म्हणून त्याच दिवशी कारणासह लिहिलं जातं.

नारळाचं मात्र जमलेलं नाही. शेकड्यानं येतात, नगानं विकतात, सडका निघाला तर गिऱ्हाईक परत आणतं आणि मालक नेहमीच्या माणसाला न लिहिता दुसरा देतात. त्यांना यावर बोललं की ते म्हणतात, "बाय, नारळाचा हिशेब देवाकडे." मी तो नाद सोडला आहे.

जानेवारीत

सकाळची वजा यादी सप्टेंबरात दोन पानं भरायची. जानेवारीत काही ओळींवर आली. काका रोज चाळीस वस्तू मोजतात. चार हजार वस्तूंना शंभर दिवस, पण ते क्रमानं जात नाहीत. आधी दोन्ही याद्या, मग महागडा माल, मग वेळ उरला तर बाकी. वीज गेली की सगळं वहीवर येतं आणि वीज आल्यावर तेच बिल दोनदा चढतं, असं डिसेंबरात तीनदा झालं. त्यावर अजून धड तोडगा नाही. रसाच्या डब्यांचं मुलींना कितीदा सांगितलं तरी शनिवारी संध्याकाळी त्या एकच स्कॅन करतात.

आणि चोरी? ती सापडली. नोंदीतला गाळ खाली बसल्यावर पाणी नितळ झालं, तेव्हा तळाशी दोनच वस्तू सतत कमी पडताना दिसल्या : दाढीच्या ब्लेडची महागडी पाकिटं आणि डिओडोरंट. दोन्ही पुढच्या दाराजवळच्या कपाटात. कॅमेऱ्याच्या कोनातून ते कपाट खांबाआड जातं. माल गोदामातून नव्हे, गिऱ्हाइकांच्या बाजूनं जात होता. कपाट काउंटरमागे हलवलं.

गोदामातल्या मुलाची पिशवी तपासणं त्यानंतर थांबलं. कोणी तसं सांगितलं नाही, मालकांनी एक दिवस हात पुढे केला नाही एवढंच. पण मुलगा अजूनही निघताना काउंटरशी थांबतो, पिशवीचा बंद सोडतो, क्षणभर उघडी धरतो आणि मग जातो. गेल्या आठवड्यात मी तिथे बसले होते. मालक बिलांच्या गठ्ठ्यात डोकं घालून म्हणाले, "जा रे बाबा, बस चुकेल."